पॅन्झीने दगा दिला

३ नोव्हेंबर
यंदा फ्लॉवर शोचं पहिलं बक्षीस माझंच. पॅन्झीची रोपं छान तरारली आहेत. त्यातली मरतुकडी होती ती आमच्या बुटकीला देऊन टाकली. शेवटी शाळेपासूनची मैत्रीण. ह्यांनी विचारलं, चांगली का नाही दिलीस? पुरुषांना मैत्रीतलं कळत नाही.

५ डिसेंबर
पहिल्या कळ्या! बुटकी म्हणाली, खुडून टाक, म्हणजे रोपाला फुटवे येतील. मी स्पष्ट सांगितलं, पॅन्झीला चेहरा असतो, मला नाही खुडवणार. शाळेत सिस्टर आम्हाला या फुलांना गुड मॉर्निंग म्हणायला लावायच्या. बुटकी तेव्हाही मागे पेंगत उभी असायची. तिने स्वतःच्या सगळ्या कळ्या खुडल्या. खाटीक!

२ जानेवारी
थंडी फार. कुंड्या आत, हीटरजवळ आणल्या. रोज गुड मॉर्निंग म्हणते. ह्यांना वाटलं, त्यांनाच. उगाच खूश झाले.

१९ जानेवारी
रोपं उंच झाली. जरा वाकली आहेत, नम्रता असावी.

४ फेब्रुवारी, सकाळ
बुटकीच्या कुंडीत पान दिसत नाही, इतकी फुलं. जांभळी, मिशीवाली. माझीच रोपं! सासरी गेलेल्या मुलीसुद्धा इतक्या लवकर माहेर विसरत नाहीत. शोला ठेवणार का, विचारलं. नुसती हसली. ते हसू मी ओळखते, एका डब्यातलं खाल्लंय आम्ही.

४ फेब्रुवारी, संध्याकाळ
माझ्या शेवटच्या फुलानेही मान टाकली. उद्याचा शो होईपर्यंत कळ काढायला काय झालं होतं?

५ फेब्रुवारी
रिकाम्या हाताने गेले. तिची कुंडी मधोमध. नियम असा, की वाढवणाऱ्याचंच नाव हवं. परीक्षकबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, जिच्या नावाने ही कुंडी आहे तिने ती वाढवलेली नाही, मला पक्कं ठाऊक आहे. त्यांनी लगेच कुंडी उचलायला लावली. कार्ड खाली पडलं. चष्मा लावून वाचलं.
माझं नाव होतं.

६ फेब्रुवारी
बुटकी कुंडी घेऊन आली. म्हणाली, रोपं तुझी, म्हणून तुझं नाव घातलं, तुला सरप्राइज द्यायचं होतं. मग विचारलं, कुठल्या मेलीने चुगली केली असेल गं? मी म्हटलं, हल्ली कोणाचा भरवसा नाही. ती म्हणाली, सापडू दे, तिचं तोंडच खुडते.
चहा केला तिला. आलं घालायला विसरले.
कुंडी बाहेरच ठेवली आहे. सगळी तोंडं खिडकीकडे. आज गुड मॉर्निंग म्हटलं नाही.