आबांची गाडी दुरुस्तीला गेली

मलकापूर, कराड
गुरुवार, दुपार

प्रिय ऋषी,

माझं पत्र आलेलं बघून तू आधी घाबरशील. घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. गाडी सांगलीत पोहोचली, कुठे ओरखडाही नाही, असा निरोप मी तुला त्याच दिवशी फोनवर पाठवला होता आणि तू अंगठा दाखवून उत्तरही दिलं होतंस. तो निरोप खरा होता, पण पुरा नव्हता. बाकीचं फोनवर सांगायला गेलो तर तू मध्येच माझी समजूत काढशील आणि मी गप्प बसेन. शाळेपासून आपलं असंच चालत आलंय. म्हणून लिहायला बसलो.

तू सांगितलंस तसंच मी केलं. ‘गाडी दुरुस्तीला कोल्हापूरला न्यायची आहे एवढंच आबांना सांग. विकली हे कळलं तर ते ती अंगणातून हलू द्यायचे नाहीत.’ तुझी भीती खोटी होती असं मी म्हणत नाही. दिवाळीत आबा ती हिरवी गाडी घेऊन हायवेवर उलट्या बाजूने चढले आणि शेवटी उसात जाऊन थांबले, तेव्हा दोर लावून ती बाहेर ओढणारा मीच होतो. त्र्याऐंशीचं वय, एका डोळ्याने अंधुक दिसतं, आणि गाडी अशी की बसलं की बूड रस्त्याला टेकेल. पण ‘आबा, आता चालवू नका’ हे त्यांच्या तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. मग गाडीच सांगलीच्या गिऱ्हाइकाला विकायचं ठरलं आणि थाप मारायचं काम माझ्याकडे आलं. मोटारी वाहून नेणारा तुझा दोस्त, घरचाच माणूस, त्याच्यावर आबांना संशय येणार नाही, असं तू म्हणालास. मला ते त्या वेळी बरंच वाटलं, हेही लिहून टाकतो.

त्या सकाळी मी गाडी ट्रकवर चढवली. तुला माहीत आहे, त्या गाडीच्या पत्र्याच्या आत लाकडाचा सांगाडा आहे. अंगावरून पट्टा टाकून आवळला तर सांगाडा तडकेल. चाकांच्या तारांमधून ओवला तर तारा वाकतील. म्हणून चारी टायरांवरून वेगळे पट्टे घेऊन मी ती माझ्या फ्लॅटबेड ट्रकच्या उघड्या पाठीवर बांधली आणि प्रत्येक पट्टा परत परत ओढून बघितला. आबा काठी टेकून शेजारी उभे होते. कोयनेच्या धरणावर ओव्हरसियर असताना, मायदेशी परत निघालेल्या गोऱ्या इंजिनिअरकडून त्यांनी ती गाडी घेतली, ती गोष्ट त्यांनी मला पुन्हा सांगितली. लहानपणी आपण दोघं ती ऐकताना एकमेकांना चिमटे काढायचो. त्या दिवशी मला मान वर करून त्यांच्याकडे बघवेना.

मी पाने आवरायला वळलो तेवढ्यात आबा ट्रकला मागे लावलेल्या उतारावरून वर चढले, दार उघडून गाडीत बसले आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. मी म्हटलं, “आबा, उतरा. ट्रकवर चढवलेल्या गाडीत माणूस बसवायचा नाही, असा नियम आहे.” तर म्हणाले, “मग नियमाला तुझ्या शेजारी बसव. मी हितं बसतो.” तुझी आई पदर सावरत आली. “आवं मामंजी, ऊन लागंल. चार दिवसांत गाडी यायचीच हाय की परत.” त्यावर आबा तिच्याकडे बघून नुसते हसले. “चार दिवसांत येणार म्हणतीस? मग म्या संध्याकाळी येतो.” तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. शेवटी मी त्यांच्या कमरेभोवती वेगळा पट्टा घालून तो सीटला बांधला, हँडब्रेक ओढला, चाकांपुढे ठोकळे लावले आणि निघालो.

मलकापूरचा पूल ओलांडला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कोल्हापूरला जायचं तर पेठ नाक्यावरून सरळ जायचं. सांगलीला जायचं तर तिथे डावीकडे वळायचं. आबा घरीच राहणार म्हणून हा विचार आपल्यापैकी कुणीच केला नव्हता. पन्नास वर्षं ज्या माणसाने हा रस्ता तुडवला, त्याला मी डावीकडे वळल्यावर काय सांगणार होतो? पुलाचं काम चाललंय, वळसा घ्यावा लागतोय, असं एक सुचलं. सांगलीचा मेकॅनिक जास्त चांगला आहे, हे दुसरं. दोन्ही मी केबिनमध्ये मोठ्याने म्हणून बघितलं. दोन्ही खोटं वाटत होतं.

उजव्या आरशात मला आबा दिसत होते. ऋषी, ते गाडी चालवत होते. पायाखाली नुसता फ्लॅटबेड, पण रस्ता वळला की स्टिअरिंग वळायचं. मागून ट्रक आला की उजवा हात बाहेर काढून पुढे-मागे हलवून त्याला जायला सांगायचे. मी ब्रेक मारायच्या आधी त्यांचा तळवा खाली-वर व्हायचा, हळू म्हणून. त्या गाडीला इंडिकेटर कधी नव्हतेच. मागच्या गाड्या खरंच ते ऐकत होत्या! कासेगावजवळ मोटारसायकलवरच्या दोघा पोरांनी शेजारून ओरडून विचारलं, “ओ आजोबा, वरात कुणाची?” आबा तेवढ्याच मोठ्याने ओरडले, “माझीच! तू काय वाजंत्री हायस व्हय रं?” पोरं हसत पुढे गेली. मला हसू आलं नाही. मी पट्ट्यांकडे, आरशाकडे आणि रस्त्याकडे आळीपाळीने बघत होतो आणि नेर्लं मागे पडलं होतं.

नाका जवळ आला. मी डाव्या बाजूला सरकलो, पण इंडिकेटर द्यायला हात धजेना. वाटलं, सरळच जावं, कोल्हापूरपर्यंत जाऊन आबांना चहा पाजावा आणि परत फिरावं. तेवढ्यात आरशात बघितलं. आबांनी उजवा हात बाहेर काढला होता आणि ते सावकाश हवेत गोल फिरवत होते. म्हणजे गाडी डावीकडे वळणार. जुन्या ड्रायव्हरांची ती खूण आहे. मी वळलो. पुढे झाडाखाली ट्रक थांबवला आणि वर आबांकडे चढलो.

“आबा, तुम्हाला कसं कळलं?” मी विचारलं.

ते समोर बघूनच बोलले. “त्या दिवशी कोल्हापूरचा मेकॅनिक म्हणून जो पोरगा घरी आणलासा, त्यानं काय केलं? इंजिनावरचा नंबर बघितला अन् फोटू काढला. दुरुस्त करणारा आधी आवाज ऐकतो रं, नंबर बघत न्हाई. अन् तो आला ती गाडी सांगली पासिंगची. मला डोळ्यानं कमी दिसतं, पण एवढंबी कमी न्हाई.” मी म्हटलं, “मग परत फिरू का?” मनापासून म्हटलं, तू रागावलास तरी चालेल. ते स्टिअरिंगवरून अंगठा फिरवत बसले. मग म्हणाले, “उसात गेलो तवा पलीकडच्या बांधावर दोन बाया भाकरी खात बसल्या हुत्या. हातभर अंतर राहिलं. ते घरात कुणाला ठाव न्हाई. चल, उशीर हुतोय.”

सांगलीत गाडी विकत घेणारे आर्जव शेठ दारातच उभे होते. आबांना गाडीत बसलेलं बघून त्यांचा चेहरा उतरला. मेकॅनिक म्हणून आपणच जाऊन आलो होतो, हे त्यांनाही आठवलं असणार. आबा म्हणाले, “उतरवणार मीच.” आर्जव शेठ मला बाजूला घेऊन नको नको म्हणत होते. मी ट्रकवरच्या गाडी ओढायच्या विंचचा दोर तिला अडकवला, पट्टे सोडले आणि आबांना म्हटलं, ब्रेकवर पाय ठेवा. उतारावर मध्येच त्यांचा पाय निसटला. दोर ताणून टणकन वाजला आणि गाडी जागच्या जागी धरली गेली. आबांनी घाम पुसला, पाय परत ब्रेकवर ठेवला आणि गाडी अंगणात आणून अशी लावली की चारी चाकं फरशीच्या रेषेत. उतरल्यावर आर्जव शेठचा हात धरून म्हणाले, “थंडीत चोक वढा अन् जरा दम धरा. हिला शिव्या देऊ नका. त्या वक्ताला ऐकून घेती, पण दुसऱ्या दिशी बंद पडती.” आर्जव शेठ त्यांच्या पाया पडले. खोटं बोललो म्हणून माफी मागायला त्यांनी तोंड उघडलं, तर आबांनी पाठीवर थाप मारून ते बोलणंच थांबवलं.

येताना ते माझ्या शेजारी बसले. आष्टा मागे पडलं. मग म्हणाले, “शंभू, मला कळलंय हे ऋषीला सांगायचं न्हाई.” मी व्हय म्हटलं. तो शब्द आज मोडतोय.

कारण काल तुझी आई भेटली. दर रविवारी तुझा फोन आला की आबा विचारतात, “गाडी कवा येणार रं?” आणि तू कधी सांगतोस पार्ट मुंबईहून यायचाय, कधी सांगतोस रंगकाम चाललंय. पुढच्या रविवारी ते परत तेच विचारतात. त्यावरून तू ठरवलंस की आबांना विसरायचा आजार झालाय, आणि त्यांना बेंगळुरूला नेऊन डॉक्टरला दाखवायचं, जमलं तर तिथेच ठेवून घ्यायचं. हे ऐकून मी सरळ त्यांच्याकडे गेलो आणि विचारलं, आबा, सगळं ठाऊक असून त्याला दर वेळी का विचारता? ते अंगणात, जिथे गाडी उभी असायची तिथे, खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, “त्याला सांगायला जागा ठिवतोय रं. आपणहून बोलायचं म्हणजे पोराला जड जात आसंल.” ऋषी, आबांना काहीसुद्धा विसरायला झालेलं नाही. रविवारी तू फोन करशील. ते विचारतील.

तुझाच,
शंभू