गोष्टीच्या तासाला निनावी पाहुण्यास प्रवेश मिळणेबाबत

दिनांक : ११ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. संगणक कक्षप्रमुख,
डोंगरमाथा शिक्षण संस्था,
घोडेगाव, ता. आंबेगाव, जि. पुणे

विषय : संस्थेच्या सर्व्हरवरील 'गोष्टीचा तास' ही ध्वनिमुद्रणे नाव न विचारता ऐकू देण्याबाबत.
संदर्भ : संकेतस्थळावरील जूनमधील सूचना, 'पाहुण्यांसाठी प्रवेश बंद'.

अर्जदार : गेणू धोंडिबा काकडे, रा. पिंपळवंडी, ता. जुन्नर

महोदय,

१. अर्जदार शेतकरी असून त्यांना लिहिता येत नाही. त्यांच्या सांगण्यावरून हा अर्ज गावातील किराणा दुकानदार झुंबरलाल लिहून देत आहेत. अर्जदारांचा तापट स्वभाव साऱ्या गावाला ठाऊक आहे. तेव्हा अर्जात कोठे शब्द कडक पडला असल्यास तो त्यांचा, नरम पडला असल्यास तो लिहिणाराचा समजावा.

२. आपल्या तळेघरच्या शाळेतील शिक्षिका मंगलताई या अर्जदारांच्या एकुलत्या कन्या. त्यांनी आपल्या मनाने लग्न केले, तेव्हा अर्जदारांनी देवळात बेलभंडारा उचलून शपथ घेतली, की तिच्या दारात पाय ठेवणार नाही आणि तिचे नाव तोंडाने घेणार नाही. शपथ त्यांनी पाळली. गावात कोणी मंगलताईंचा विषय काढला, की ते उठून चालू लागत.

३. मंगलताई मुलांना गोष्टी सांगत, त्या ध्वनिमुद्रित करून संस्थेने संकेतस्थळावर ठेवल्या. झुंबरलाल यांचे चिरंजीव जिनेश यांनी एकदा दुकानातल्या संगणकावर सहज एक गोष्ट लावली. अर्जदार तेव्हा मीठ घ्यायला आले होते. आवाज ऐकून ते पोत्यावर बसले, ते गोष्ट संपेपर्यंत उठले नाहीत. पुढे दर शनिवारी त्यांची फेरी ठरलेली. 'पाहुणा' या बटणावर टिचकी मारली, की नाव-गाव न विचारता आत जाता येई. अर्जदारांचे म्हणणे असे, की "मी तिच्या दारात गेलो न्हाई, तिचं नाव घेतलं न्हाई. नुस्तं ऐकलं. त्यात देवाचं काय बिघडलं?" यात लबाडी आहे, हे झुंबरलाल यांनी त्यांना तोंडावर सांगितले होते. पण गोष्ट ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जे सुख दिसे, ते पाहून पुढे कोणी बोलत नसे.

४. जूनमध्ये पाहुण्यांचा प्रवेश बंद झाला. मुलांच्या छायाचित्रांचा कोणी गैरवापर करू नये म्हणून हे केले, ते योग्यच केले, त्याबद्दल तक्रार नाही. आता आत जाण्यासाठी आपले नाव, आपण कोणत्या शिक्षकांचे नातेवाईक आणि नाते काय, हे भरावे लागते. त्या शिक्षकांनी मंजुरी दिली, की प्रवेश मिळतो. जिनेश यांनी भरून देतो म्हटले. अर्जदार गरजले, "म्हंजी तिला कळवायचं? मग इतकी वर्सं मी काय केलं?" आणि तडक घरी निघून गेले.

५. श्रावणात मंगलताई काविळीने वारल्या, हे आपणास माहीत आहेच. अर्जदार तळेघरला गेले, पण लोकांत मिसळले नाहीत. रस्त्याच्या कडेला उभे राहून परत आले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ते पायरीवर येऊन बसले होते. जिनेश यांना म्हणाले, "भर बाबा त्यो फारम." कोणाचे नातेवाईक, असे विचारताच त्यांनी भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, "मंगल" असे नाव घेतले. नाते विचारले तेव्हा "बाप" म्हणाले. हेच दोन शब्द जूनमध्ये सांगितले असते, तर बाप आपले ऐकतो आहे हे मुलीला जिवंतपणी कळले असते. हे अर्जदारांना कोणी सांगावे लागत नाही. ते स्वतःच सारखे बोलून दाखवतात आणि ऐकणाऱ्याचा जीव तुटतो.

६. फॉर्म पाठवल्यावर पडद्यावर आले, 'आपली विनंती मंगलताईंच्या मंजुरीच्या प्रतीक्षेत आहे.' तेव्हापासून अर्जदार रोज दुकानात येऊन विचारतात, "दिली का तिनं?" नाही म्हटले, की म्हणतात, "उशीर लागंल. लई राग आसंल तिला." कृपया त्यांना भ्रमिष्ट समजू नये. ते सगळे उमजून विचारतात.

७. जिनेश यांच्या माहितीप्रमाणे सर्व्हरवर निनावी पाहुण्यासाठी वेगळे खाते ठेवता येते. त्या खात्याला एकाच फोल्डरपुरता, तोही फक्त ऐकण्याचा हक्क द्यावा, छायाचित्रे बंदच ठेवावीत. गोष्टी पेनड्राइव्हवर मागून घेऊ, असेही त्यांनी सुचवले होते. अर्जदार नको म्हणाले. "घरी आणायचा हक्क मी तवाच सोडला. व्हतो तसा पावणाच बरा." तरी 'गोष्टीचा तास' एवढे फोल्डर पाहुण्यांस खुले करून मिळावे, ही विनंती.

८. अर्ज येथवर लिहून वाचून दाखवला, तेव्हा अर्जदारांनी आणखी एक मागणी घालायला लावली. पाहुण्यांचा प्रवेश सुरू होवो अथवा न होवो, त्यांची आधीची विनंती कार्यालयाने आपल्या अधिकारात निकाली काढू नये. मंजूर करू नये, नामंजूरही करू नये. ती मंगलताईंच्याच नावे प्रलंबित राहू द्यावी.

आपला नम्र आणि थांबण्यास तयार,

(डाव्या हाताचा अंगठा)
गेणू धोंडिबा काकडे
मंगलचे वडील

लिहून देणार : झुंबरलाल, किराणा दुकान, पिंपळवंडी