सातशे राण्या आणि समयांची जोडी

कुंभकोणम्, ३ जून २०२४

चि. श्रीविद्येस आजोबांचे आशीर्वाद, वि. वि.

तुझा खोकला गेला का? आईचा गुडघा वाकतो का? तुझ्या लग्नाच्या बातमीनं बाबाचं प्रेशर चढलं होतं, ते उतरलं का? त्या ज्ञानप्रकाशम्‌चीही तब्येत विचारतो. माणुसकी म्हणून, अजून नातं धरू नकोस.

फोन करत नाही, कारण तुझी आजी अंबुजा स्पीकर लावून भाजी चिरते. बाबा म्हणतो, अण्णा हो म्हणाले तर माझं हो. म्हणजे घोंगडं माझ्या गळ्यात. मुलगा ख्रिस्ती, तेव्हा म्हटलं त्यांचा ग्रंथच पाहावा. तळ्याकाठच्या जुन्या दुकानातून तमिळ बायबल आणलं, पंचांगाखाली लपवून वाचतो.

अगं, काय ही माणसं! याकोबानं दोघी सख्ख्या बहिणींशी लग्न केलं, वर दोघींच्या दासीही ठेवल्या. दाविदानं गच्चीवरून दुसऱ्याची बायको पाहिली आणि तिच्या नवऱ्याला लढाईत पुढं धाडून मारवलं. शलमोनाला सातशे राण्या, वर तीनशे उपपत्नी. रोज एकीच्या हातचं जेवला तरी पहिलीची पाळी पुन्हा यायला पावणेतीन वर्षं! तुझा ज्ञानप्रकाशम् कितींवर थांबणार, ते लिहून घे.

राग सोडून माया धर.

तुझा आजोबा, व्यंकोबा

चेन्नई, ११ जून

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

तुमची साखर कशी आहे? तिसरी कॉफी चोरून पीत नाही ना?

ज्ञानप्रकाशम् आधी हसला, मग घाबरला. त्याच्या आजीचा निरोप असा की ग्रंथात घडलं ते सगळं सांगितलंय, सगळं करा असं नाही. याकोबाच्या घरी बहिणी जन्मभर धुसफुसल्या, दाविदाला संदेष्ट्यानं तोंडावर सुनावलं, शलमोन बायकांच्या देवांमागे वाहवला. आरंभी आदाम एक, हव्वा एक. येशूनंही तेच धरलं. तुम्ही पुढचा भाग वाचलाच नाहीत!

आणि दशरथाच्या तिघी? आपण ज्यांच्या मागोमाग तंजावरास आलो, त्या राजांच्या राण्या मोजू का?

तुम्ही नाही म्हणालात तर मी पळून जाणार नाही. पण दुसऱ्या कुणाला वरणारही नाही.

पाया पडते.

तुमची श्रीविद्या

कुंभकोणम्, २० जून

चि. श्रीविद्येस आशीर्वाद.

पंचांग हवं म्हणून आजी आली आणि चोरी पकडली गेली. रागावेल म्हटलं, तर तिनं घडाघडा वचनं म्हटली! लहानपणी नन्सच्या शाळेत पाठांतराचं पहिलं बक्षीस तिचं. एकावन्न वर्षं संसार केला, नि हे मला परवा कळलं.

मग तिनं मला पुढचा भाग शिकवला. परस्त्रीकडे वाईट नजरेनं पाहिलं तरी मनात व्यभिचार झालाच, असं सांगून विचारलं की मरुदानल्लूरच्या भजनाला तुम्ही गाणारीच्या समोरच का बसायचा. मी पंचांगात तिथी शोधत बसलो. वर म्हणाली, पौलानं लिहिलंय की नवऱ्याच्या देहावर हक्क बायकोचा. तेव्हा जीभही तिची, आणि दुसरी कॉफीही बंद.

असा कडक ग्रंथ त्या मुलाच्या घरी असेल तर काळजी तुझी नव्हे, त्याची करायला हवी. माझं हो आहे. बाबालाही कळवलं.

काल आम्ही दोघं बसनं नाचियार्कोविलला गेलो. तिथं मिरवणुकीत देवी पुढं, देव मागं. आजीनं तेही मला बोट दाखवून सांगितलं. पितळी समयांची जोडी करायला सांगितली, एकीच्या टोकावर हंस, दुसरीच्या टोकावर क्रूस. कारागीर म्हणाला, तीन घ्या, भावात सूट देतो. मी म्हटलं, बाबा रे, जोडीत तिसरी शिरली, तिथूनच तर सगळ्यांचं बिघडलं.

माझ्या नातजावयाच्या तब्येतीला जप. समया कधी न्यायला येता, ते लगेच लिही. आजी रोज पोस्टमनला अडवते.

तुझा, एकाच बायकोचा आजोबा