आत्याची आंबील आणि खारीच्या केसांचा ब्रश

हुमनाबाद
शिवरात्र होऊन तिसरा दिवस

ती. सिद्धम्मा आत्यास,

तुझ्या धाकट्या भावाची थोरली लेक शैलश्री हिचे दोन्ही हात जोडून, मान जरा जास्तच खाली घालून शरणार्थ.

तुझा गुडघा कसाय? तेल चोळायलीस का बाटली नुसती उशाला ठेवून झोपायलीस? तुझ्या मालकांचा, म्हणजे गुरुशांतप्पा मामांचा खोकला, दारची म्हैस (नाव कालपासून आठवंना, तेवढ्यावरून आणखी रागावू नको), निंबर्ग्याची सगळी मंडळी बरी असतील असं धरून चालते, कारण विचारायची सोय तू ठेवली न्हाईस. येळवशीच्या सणापासून तू माझा फोन उचलेनास. मामा उचलतात आणि "ती गोठ्यात हाय" म्हणतात. दोन महिने कुणी गोठ्यात राहतं का आत्या? परवा तर मागून तुझाच आवाज आला, "गोठ्यात हाय म्हणून सांगा." म्हणून हे पत्र. पत्राला गोठ्यात जाता येतं.

तुला वाटतंय, पोरीनं मुद्दाम केलं. मुद्दाम करायला माणूस जागेवर लागतो, आणि मी त्या दिवशी जागेवर नव्हते. ते कसं, ते बैजवार सांगते. मागं तू विचारलं होतंस, बसून चित्रंच काढतीस तर दमतीस कशानं. तर ऐक. सध्या माझ्या टेबलावर लहान पोरांची तीन पुस्तकं आहेत. एकात चष्मा लावलेली शेळी, दुसऱ्यात दात दुखणारी मगर, तिसऱ्यात ज्वारीच्या रानात येऊन झोपलेला ढग. पुण्याच्या पल्लवीताई, म्हणजे माझ्या संपादक, सकाळी फोन करून सांगतात की मगरीचा दात दुखू दे, पण ती आतून आनंदी दिसली पाहिजे. दुपारी सांगतात, दहाव्या पानावर शेळीला पाच पाय झालेत. (झाले होते. मी मोजले.) मधल्या वेळात शेजारच्या कमलबाईंना रुखवताच्या ताटावर मोर पाहिजे असतो. हायवेच्या ढाब्यावरून निरोप येतो की लॉरीच्या मागं वाघ काढून द्या, मात्र पोरांच्या पुस्तकातला हसरा नको, चावणारा पाहिजे. आणि आई म्हणते, बसूनच हायस तर शेंगा तेवढ्या फोड. मी फोडते. दाणे रंगाच्या वाटीत पडतात, टरफलं आईच्या ताटात. मग आई ताट माझ्यापासून लांब सरकवते.

आता त्या ढगाचं. बाकीच्या पुस्तकांत गोष्ट दुसऱ्याची, मी नुसती चित्रं काढणारी. ढगाची गोष्ट माझी स्वतःची आहे, मुखपृष्ठावर एकटीचं नाव येणार आहे. आणि तोच ढग जमंना. पांढरा रंग दाट लावला की कापसाचं बोचकं दिसायचं, पातळ केला की सांडलेलं दूध. चाळीस ढग फाडले. पल्लवीताईंनी शेवटी सांगितलं, महिनाभरात एक तरी ढग दाखवा, न्हाईतर पुस्तक पुढच्या वर्षी बघू. म्हणून येळवशीला मी तुझ्या रानात फळा-रंग घेऊन आले. (येळवस काय असते ते पल्लवीताईंना सांगता सांगता अर्धी सकाळ गेली. म्हटलं, गावं कुलपं लावून रानात जातात, कडब्याच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, पाच दगडांचे पांडव मांडतात, नैवेद्य दाखवतात, आणि मग बांधावर जो दिसेल त्याला ओढून भज्जी आणि ताकात ज्वारीचं पीठ आंबवून केलेली आंबील देतात. त्या म्हणाल्या, म्हणजे चित्र कधी मिळेल?)

आत्या, तुझं रान त्या दिवशी काय दिसत होतं, ते तू चुलीपुढं असल्यामुळं बघितलं नसशील. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, ऊन हळदीच्या पाण्यासारखं, आणि वारा आला की सगळं रान एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळायचं. वर एकच ढग होता. त्याला कुठं जायची घाई नव्हती, मलाही नव्हती. मी कोपीच्या मागं बसले, मांडीवर फळा घेतला आणि त्याच्याकडं बघत राहिले. किती वेळ, कुणाला ठाऊक. लांबून बायकांचं हसणं ऐकू यायचं, तेही झोपेतल्यासारखं. हाताजवळ फडकं बांधलेलं मडकं होतं. मला वाटलं, माझ्या ब्रशाच्या पाण्याचं. (माझ्या ब्रशाच्या पाण्याला फडकं कोण बांधील, हा विचार मला थेट दुसऱ्या दिवशी हुमनाबादच्या स्टँडवर सुचला.) फडकं सोडलं, ब्रश बुडवला, कागदाला टेकवला. आणि ढग आला. आपण होऊन पसरत आला, कडा मऊ, मधे थोडा दाणेदार, उजेड आरपार जाईल असा. मी परत बुडवला. परत आला. सहा-सात वेळा बुडवला असेल. इतकं सुख मला पंधरा वर्षांत या कामात झालं न्हाई.

तेवढ्यात तू आलीस. हळूच विचारलंस, "हे कशाचं हाय गं, टोकाला?" मला वाटलं कौतुकानं विचारायलीस. मी म्हटलं, "खारीचे केस आत्या, सगळ्यात मऊ हेच." खोटं बोलता आलं असतं, पण तसा ढग आल्यावर खोटं सुचत न्हाई. घरात कांदा-लसूणसुद्धा वार बघून चिरणारी तू, आणि नैवेद्याआधी तुझ्या आंबिलीत खार. अख्खं मडकं बांधाखाली ओतलंस. चाळीस माणसं बसलेली. आंबील आणायची कुठून, तर बांधापलीकडच्या वीरण्णाच्या कोपीतून, ज्याच्याशी कुणाची आंबील जास्त रुचते म्हणून बारा वर्षं तुझी चुरस. तो "न्या की अक्का, आमची उरलीच हाय" म्हणाला, तेव्हाचं तुझं तोंड मला अजून दिसतंय. तिथं मी मेलेय, आत्या. खरंच चुकले.

मामांना शरणार्थ. म्हशीला वैरण घालताना माझं नाव घे.

तुझी येडी,
शैली

ता.क. १ : मुद्द्याचं राहिलंच. ढग बघून पल्लवीताईंनी लगेच फोन केला, म्हणाल्या, हा रंग कुठला? (मी फॉरेनचा म्हणून सांगितलं.) आता आणखी सात पानांवर तसाच ढग पाहिजे. तुझ्या हातच्या आंबिलीशिवाय तो येणं न्हाई. एवढं पुस्तक तार. पाठवू नकोस, बसमध्ये आंबून झाकण उडंल. तू घेऊनच ये.

ता.क. २ : खारीचा ब्रश कपाटात टाकलाय. आता नायलॉनचा वापरते. तू आलीस तर खारीचा तुझ्या अंगाला लागणार न्हाई, याची काळजी घेईन.

ता.क. ३ : आत्या, वर आंबिलीचं लिहिलेलं खरं न्हाई. आईच्या आंबिलीनंही ढग तस्साच येतो. वीरण्णाच्यानंही आला असता. सातही पानं सोमवारीच पुण्याला गेली आणि पसंत पडली. पल्लवीताईंनी सांगितलं, तेव्हा पहिला फोन तुलाच लावला. मामांनी उचलला.