उरलेल्या वेळातला मी

सोमवार, ३
लागलो एकदाचा नोकरीला! खोली उजेडाची, खुर्ची कुरकुरत नाही आणि विभागप्रमुखांना सगळे पाठीमागे 'मास्तर' म्हणतात, म्हणजे मंडळी आपल्यातलीच. माझं काम उपग्रहावरच्या संगणकाला वेळापत्रक आखून देण्याचं. आधी तोल सांभाळणं, मग बॅटरी, मग कॅमेरा. वरचं काम आलं की खालच्यानं मुकाट थांबायचं. चाचणीसाठी अगदी तळाशी एक रिकामं काम ठेवतात, त्याला स्वतःचा कर्मचारी क्रमांक द्यायची इथली रीत. मीही दिला. घरी ताई म्हणाली, तू आणि वेळापत्रक? उपग्रहाचं काही खरं नाही.

बुधवार, ५
घोळ घातला. रिकामं काम काढायचं विसरलो आणि वेळापत्रक तसंच वर गेलं. मास्तर म्हणाले, राहू दे, उरलेल्या वेळात चालतं, कुणाचं काय खातंय? जीव भांड्यात पडला.

शनिवार, ८
जेवताना ताईनं गदागदा हलवलं. म्हणे, घास हातात धरून चार मिनिटं नुसता बसला होतास, पापणीसुद्धा हलली नाही. मला तर काहीच कळलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, झोप कमी पडतेय.

सोमवार, १०
वर कॅमेरा सुरू केला. संगणकाला उसंत नाही. आणि माझ्यासमोरचं घड्याळ सात वेळा उडी मारून पुढे गेलं. उड्या टिपल्या, वरून आलेल्या नोंदींशी ताडून पाहिल्या. तिथे माझा क्रमांक थांबला की इथे मी. सेकंदाचा फरक नाही. मला भीती वाटतेय.

मंगळवार, ११
मास्तरांना सगळं सांगितलं. हसले नाहीत. पाठीवर हात ठेवून म्हणाले, उद्या बारा चाळीसला उपग्रह डोक्यावर येईल, तेव्हा तुझं काम कायमचं पुसून टाकतो. घरी जाऊन पड. भला माणूस.
बसमध्ये — तीन थांबे पुढे गेलो.

बुधवार, १२
डोळे उघडले, अकरा.
आत्ता सुचतंय. थांबलेलं काम पुन्हा सुरू होतं. पुसलेलं —
मास्तरांना फोन लावला —
बारा दहा. फोन ताईच्या हातात. ते हॅलो हॅलो करत राहिले म्हणे, मी गप्पच.
पुन्हा लावला, पण —
बारा अठ्ठावीस. ताई रडतेय, काय झालं विचारतेय. तोंड उघडतो तोवर —
बारा सदतीस. ताई, बोलता येत नाही, हे वाच. तूच फोन कर. मास्तरांना म्हणावं, मी असाच राहीन, थांबत थांबत राहीन, पण ते काम पुसू —