‘बर्तेन्री’ म्हणजे कधी?

केलगेरी, धारवाड
१४ मार्च २०२२

चि. सुमंत यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

सत्काराचं कार्ड पोचलं. छत्तीस वर्षांची नोकरी संपणार आणि पहिल्या रांगेत घरचं कुणी नसणार, हे मनाला लागतं. पण या गुडघ्यांनी बंगळूरचा प्रवास व्हायचा नाही. फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्र.

मठातले बाळाचार्य अजून विचारतात, तुमचा भाऊ कुठल्या मार्गावर विमान चालवतो. मी सांगितलं, त्याचं विमान चाचणीपुरतं, हातभर लांब, ते जागचं हलत नाही, वाराच त्याच्या अंगावरून धावतो. त्यावर त्यांनी विचारलं, मग पगार वाऱ्याला देतात का.

आता कामाचं. हे गेल्यापासून वरच्या दोन खोल्या तुझ्यासाठी झाडून ठेवते. शाळेतल्या अनिताबाई त्या भाड्याने मागतात. एप्रिल संपेपर्यंत थांबा म्हटलंय. निवृत्तीनंतर इथे राहायला येणार की नाही, स्पष्ट लिही.

माया आहेच, उत्तर तेवढं लवकर असू दे.
भाग्यलक्ष्मीअक्का

बंगळूर
२ एप्रिल, पाडवा

ती. अक्कास सा. न. वि. वि.

परवा सत्कार झाला. शाल, चंदनाचा हार, आणि पहिल्या वर्षी मी वाऱ्याच्या बोगद्यात बसवलेला पंखाचा लाकडी नमुना. तो केव्हाच फेकला गेला असं समजत होतो, पण कुणीतरी जपला होता. माझ्या चाचण्यांमुळे एका विमानाच्या पंखाची थरथर थांबली, वैमानिक सुखरूप उतरू लागले, असं संचालक बोलले. ते दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय असं वाटत होतं.

भाषण संपवताना सवयीने कानडीत ‘बर्तेन्री’ म्हणून हात जोडले. संचालक लखनौचे. शेजाऱ्याकडून ‘येतो’ असा अर्थ कळल्यावर त्यांनी मला विचारलं, कधी येणार. सगळे हसले. आपल्याकडे निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, हे समजावेपर्यंत चहा गार झाला.

आणि अक्का, दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी फाटकावर उभा होतो. पायात बूट, हातात डबा. पहारेकरी प्रवीणला वाटलं, एक एप्रिल म्हणून साहेब थट्टा करताहेत. ओळखपत्र आदल्या दिवशीच जमा केलेलं. चष्मा आत राहिला, असं सांगितलं. तो डोळ्यांवरच होता. प्रवीणने खुर्ची दिली.

आज श्रीखंड आणलं, अर्धं उरलं. खोल्यांचं विचार करून कळवतो.

तुझी माया आहे तशीच राहू दे.
सुमंत

केलगेरी
९ एप्रिल

चि. सुमंत यास आशीर्वाद.

त्या प्रवीणलाही माझा आशीर्वाद सांग.

तुझ्या संचालकांनी विचारलं ते मी कधी विचारलं नाही. धारवाड स्टेशनवर दर वेळी तू ‘येतो अक्का’ म्हणून गाडीत चढलास. त्याचा अर्थ मला ठाऊक आहे, आपलीच भाषा ती. तरी खोल्या झाडत राहिले. तिथे मात्र ‘बर्तेन्री’ म्हणालास आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजर झालास. आधी हसू आलं. मग पत्र घडी करून ठेवलं.

कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत, म्हणून मी डाळ पातेल्यात शिजवते. दिवस लांब असतो. पण माझी कीव करून येऊ नकोस. हो की नाही, एवढंच लिही.

अक्का

बंगळूर
१७ एप्रिल

ती. अक्कास सा. न.

नाही.

हे लिहायला चार दिवस लागले. इथेही माझ्यावाचून कुणाचं अडत नाही, बोगद्यात नवी माणसं आली आहेत. पण फाटकासमोरून फिरायला जातो तेव्हा प्रवीण हात वर करतो. केलगेरीच्या तळ्याकाठी मी नुसता कुणाचा तरी भाऊ असेन. एवढ्यासाठी तुला एकटं ठेवतो आहे, हे मला कळतं. खोल्या अनिताबाईंना दे.

सुमंत

केलगेरी
२५ एप्रिल

चि. सुमंत यास आशीर्वाद.

अनिताबाई काल राहायला आल्या. तुझी पुस्तकं खाली माझ्या खाटेजवळ आणवली. राग नाही. खरं लिहिलंस.

पुढच्या वेळी पाहुणा म्हणून ये. पाहुण्याला कधी येणार, कधी जाणार, दोन्ही विचारता येतं.

अक्का