आत्याने ठेवलेलं नाव

म्हसळा, १२ जून २०२५

ती. काशीताईंस,
हेमालीचा सा. न. वि. वि.

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगून तुम्ही उठलात आणि हळूच म्हणालात, “आलीस एकदाची परत.” मी नुकतीच माहेराहून आले होते, वाटलं, मलाच म्हणताय. आत्याने निवडलेलं नाव आईलाही पाळण्यापाशीच कळतं. मलाही ते आवडलं होतं.

मेच्या सुट्टीत तेजस्वी तुमच्याकडे हरिहरेश्वरला राहून आली, तेव्हापासून वहीवर नाव घालत नाही. आत्याच्या आतल्या खोलीत एका मुलीचा हार घातलेला फोटो आहे आणि खाली माझं नाव आहे, म्हणाली. आई, मी मेले होते का, असं विचारलं तिने मला. मी रितेशना विचारलं, तर ते चप्पल घालून बाहेर गेले. तुमची मुलगी तापाने गेली एवढंच मला लग्नात कळलं होतं. तिचं नाव कुणी कधी घेतलं नाही. तुम्ही भावंडांनी हे ठरवून केलंत का?

जन्मदाखल्यावरचं नाव मी बदलणार आहे. शपथपत्र तयार आहे, पुढे राजपत्रात छापून येईल. आईबाप दोघांची सही लागते आणि रितेश म्हणतात, आधी ताईला विचार. फोनवर तुम्ही रडला असतात आणि मी गप्प बसले असते, म्हणून लिहिते.

राग आला तरी लोभ असू द्यावा.
हेमाली

हरिहरेश्वर, १९ जून

चि. सौ. हेमालीस अनेक आशीर्वाद.

हे तुझं डोकं नाही, तुझ्या आईचं आहे. गणपतीत तिने पोरीला माझ्या मांडीवरून उचललं, तेव्हाच मी ओळखलं. आज नाव काढाल, उद्या सुट्टीत पाठवणं बंद कराल. असाच बेत ना?

रितेशला बोलू नकोस. माझ्या तेजूला शेवटचं त्यानेच उचलून नेलं. बारशाआधी त्याला नाव सांगितलं तर मान खाली घालून ‘ठेव’ म्हणाला. तुला तो सांगेल असं मी धरून चालले. ज्या नावाने हाक मारायला कुणी उरलं नव्हतं, ते पुन्हा घरात ऐकू यावं, यात काय पाप केलं मी? सही कर म्हणून मी त्याला सांगणार नाही.

पोरीला पापा.
काशीताई

म्हसळा, २७ जून

ती. काशीताईंस सा. न.

आईला यातलं काही माहीत नाही. नवं नाव लेकीनेच निवडलंय, केसर. श्रीखंडाच्या डब्यावरून घेतलं असावं, पण ती कबूल करत नाही.

पाठवणं बंद करणार नाही, असं लिहायला बसले होते. तेवढ्यात तुमच्याकडे नेलेल्या तिच्या पिशवीत तळाशी जुना फ्रॉक सापडला. कापूर आणि पेटीचा वास येतो त्याला, आणि तिला अगदी बरोबर होतो. तो घालून तुम्ही तिला कुणासमोर उभं केलंत? ताई, माझी मुलगी पहिल्यांदाच जन्माला आली आहे. तिला कुणाची तरी परत आलेली होऊन जगायला लावू नका.

उत्तराची वाट पाहते.
हेमाली

हरिहरेश्वर, ५ जुलै

चि. सौ. हेमालीस आशीर्वाद.

फ्रॉक मीच घातला. फोटोपुढे उभी केली नाही, आरशापुढे केली. तेव्हा तिने मला विचारलं, आत्या, तुला ती जास्त आवडते की मी? मी तिच्या पाठीची बटणं लावत राहिले. ती उत्तराची वाट पाहत होती, हे तुझं पत्र वाचताना लक्षात आलं.

काल रितेश आला होता. सही कर म्हटलं त्याला. भाकरी वाढली होती, तशीच टाकून गेला. पण करेल, मी ओळखते त्याला. तुझ्या आईला बोलले ते विसर. अजून मनातून सगळं गेलं आहे असं नाही, खोटं कशाला लिहू?

आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.
काशीताई

ता. क. दाखल्यावर केसर, शाळेत केसर, मीही तिला केसरच म्हणेन. पण दिवाळीत ती आली, तर ती अंगणात खेळत असताना एकदाच, मागीलदारातून, मला तेजू म्हणून हाक मारू देशील? तिने ओ दिली नाही तरी चालेल. तू नाहीच म्हणशील, ठाऊक आहे मला. तरी विचारते.